आक्काच्या तासाची पहिली पाच मिनिटं

आक्का, तू जाऊन सोळा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचणाऱ्याची फसगत नको. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं हे मलाही कळतं. तुझ्या कुंभार पिंपळगावच्या शाळेचे मुख्याध्यापक तेराव्याला आले होते. जेवून हात धुताना मला म्हणाले, "शेठ, वार्षिक अंकात बाईंवर चार पानं काढायची आहेत. भाऊ म्हणून तुम्ही लिहा." मी म्हणालो, सर, मी नववीतून शाळा सोडलेला मोसंबीचा व्यापारी, मला लिहिण्यातलं काय कळतं. ते म्हणाले, "गणिताचा तास बाई कशा सुरू करायच्या, तेवढं लिहा. ती पहिली पाच मिनिटं आम्हाला कुणाला जमली नाहीत."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड कुठं होतं? तीन वर्षं मी तुझ्या दारात पाऊल टाकलेलं नव्हतं, हे त्या पंगतीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

लिहितोय मात्र तुलाच. दुसऱ्या कुणाला सांगायला बसलो की माझी जीभ सौदा करायला लागते. चार गोष्टी पुढं करते, दोन मागं ठेवते. तुझ्यापुढं ते कधी चाललं नाही.

तुझा पहिला विद्यार्थी मी. आपला बाप गेला तेव्हा तू बारावीत होतीस, मी नववीत. दोघांतल्या एकानंच पुढं शिकायचं हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. मी दप्तर खुंटीला टांगलं आणि वडीगोद्रीला हायवेवर मोसंबीचे कॅरेट भरायला गेलो. तू जालन्याला कॉलेजात गेलीस. दर शनिवारी घरी यायचीस आणि माझ्या हातांकडं बघून न बघितल्यासारखं करायचीस.

एका शनिवारी तू मला विचारलंस, "दिगू, आज किती कॅरेट खाली केले?"

"साठ."

"त्यात सडकी किती निघाली?"

"ते कोण मोजून राह्यलंय?"

"मंग उद्या मोज ना. एकाच कॅरेटातली मोज."

पुढच्या शनिवारी मी सांगितलं, शंभर फळं मोजली, सात सडकी. तू म्हणालीस, "झालं. शेकडा सात. आलं तुला." ज्या शेकडेवारीपायी मास्तरांनी माझ्या पोटऱ्या लाल केल्या होत्या, ती चहाचा कप संपायच्या आत झाली. मी खूश होऊन उठणार तेवढ्यात तू विचारलंस, "कॅरेटातली कोणची शंभर मोजली रे?"

"वरची. दुसरी कोणची?"

"खालची दाबून सडतात का वरची?"

तू काही समजावून सांगितलं नाहीस. कप उचललेस आणि मोरीकडं गेलीस. मला त्या रात्री झोप आली नाही. सोमवारी मी अख्खं कॅरेट जमिनीवर ओतून मोजलं. शेकडा अकरा निघाली. त्या सोमवारपासून मी हमाल राहिलो नाही, आक्का. दोन वर्षांत मी दुसऱ्याच्या मालाचा अंदाज सांगायला लागलो, पाच वर्षांत स्वतःचा माल घ्यायला लागलो. हे मी तुला कधी बोललो नाही. मी स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो असंच जगाला सांगत आलो, आणि तूही मान हलवायचीस.

तुझी नोकरी लागली, लग्न झालं, तू पिंपळगावची झालीस. तुझी शाळेत जायची पिशवी म्हणजे एक तमाशा होता. त्यात पुस्तक एकच असायचं, बाकी सुतळी, चिंचोके, बाटल्यांची झाकणं, मोडकं घड्याळ. दाजी म्हणायचे, "तुमची बहीण भंगार गोळा करून राह्यली." एकदा तू फोन करून मला म्हणालीस, "दिगू, हायवेच्या हॉटेलवाल्यांकडून रिकाम्या काड्यापेट्या आण. साठ पाहिजेत." मी आठ दिवस चहावाल्यांच्या मागं लागलो. एक जण म्हणाला, "शेठ, धंदा बसला का काय?" मी त्याला चार शिव्या दिल्या आणि पेट्या घेतल्या.

त्या पेट्या घेऊन मी पहिल्यांदा तुझ्या शाळेत आलो आणि खिडकीबाहेर उभा राहिलो. तू टेबलावर एका बाजूला दोन बंद पेट्या आणि तीन चिंचोके ठेवलेस, दुसऱ्या बाजूला अकरा चिंचोके. म्हणालीस, "दोन्हीकडं सारखंच आहे. दोन्ही पेट्यांत सारखेच चिंचोके आहेत. पेटी उघडायची नाही. आत किती, सांगा." पोरं पेट्या कानाशी धरून हलवायला लागली. कुणी वजन बघितलं. एक पोरगी ओरडून म्हणाली, "बाई, आधी बाहेरचे तीन काढा ना दोन्हीकडचे." तू काढलेस. मग सगळ्या वर्गाला एकदमच कळलं. तुझ्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी तुझ्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. समीकरण हा शब्द तू पंधरा दिवस उच्चारला नाहीस, हे तूच मला नंतर सांगितलंस.

कधी तू वर्गात जायचीस, काही न बोलता फळ्यावर लिहायचीस, एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच. हात झटकायचीस आणि पोरांकडं बघत उभी राहायचीस. बाई चुकल्यात हे पोरांना दिसायचं, पण बाईंना सांगायचं कसं. तू थांबायचीस. मी विचारलं, किती वेळ थांबतेस? "एकदा साडेतीन मिनिटं थांबले. मंग मागच्या बाकावरनं आवाज आला, बाई, अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल. म्हटलं, ये बाबा, हा घे खडू." कधी शाळेसमोरच्या बांधकामावरचा गवंडी तू तास घ्यायला बोलवायचीस. तो दोरी टाकून तीन फूट, चार फूट, पाच फूट मोजायचा आणि म्हणायचा, आला बघा काटकोन. पोरं विचारायची, पाचच का? त्याला ठाऊक नसायचं. तो म्हणायचा, "माझ्या बापानं सांगितलं म्हणून." तू म्हणायचीस, "चला, यांच्या बापाला कुणी सांगितलं ते बघू."

त्या वेळचे मुख्याध्यापक तुला टोकायचे, अभ्यासक्रम मागं पडतो म्हणून. तू त्यांना म्हणाली होतीस, "सर, चाळीस मिनिटांचा तास आहे. पाच माझी, पस्तीस सरकारची." मी तुला विचारलं होतं, तुला ही भानगड कशाला पाहिजे, सरळ पान उघडायला सांगावं. तू म्हणालीस, "धडा एकदम पुढं ठेवला की पोरं अंग चोरून घेतात रे. आधी त्यांना येईल असं कायतरी विचारायचं. त्यांनी तोंड उघडलं की मंग आपलं काम सुरू." मी हसलो होतो. ही तर आमच्या धंद्यातली रीत. बागेवर गेलो की आम्हीही भावाचं बोलत नाही, आधी पाऊसपाणी विचारतो.

आता ते सांगतो ज्याच्यामुळं सगळं बिघडलं.

तीन वर्षांपूर्वी, मृगाच्या बहाराची तोड, म्हणजे फळांची काढणी, जवळ आली होती तेव्हा तू म्हणालीस, "दिगू, नववीला सरासरीचा धडा आहे. तू ये. चार झाडं बघून चारशे झाडांच्या बागेचा अंदाज तू कसा सांगतो, ते पोरांना सांग." मी म्हणालो, मी शाळा सोडलेला माणूस, पोरं हसतील. तू म्हणालीस, "तुझं गणित माझ्यापेक्षा पक्कं आहे. कळू दे त्यांना."

आक्का, मी त्या दिवशी नवा शर्ट घातला होता. इस्त्री दोनदा केली. ज्या इयत्तेतून मी बाहेर पडलो त्याच इयत्तेच्या वर्गात मी पाव्हणा म्हणून गेलो. तू फळ्यावर चारशे ठिपक्यांची बाग काढून ठेवली होतीस, वीस ओळी, एका ओळीत वीस झाडं. मला म्हणालीस, "या, दिगंबरशेठ." आयुष्यात पहिल्यांदा तू मला अहोजाहो केलंस. मग तू मला खडू दिलास आणि मागच्या बाकावर जाऊन बसलीस.

मी रंगात आलो. चाळीस पोरं कान देऊन ऐकत होती. झाडाखाली कसं उभं राहायचं, एक फांदी कशी मोजायची, फळाचा आकार कसा धरायचा, सगळं सांगितलं. तिसऱ्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. नंतर कळलं, मुक्ता तिचं नाव. ती म्हणाली, "मामा, चारशेतली कोणती चार झाडं बघता? दाखवा ना."

मी फळ्याकडं वळलो आणि चार ठिपक्यांना गोल केले. विचार न करता केले. हात आपोआप गेला.

पोरगी फळ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, ही सगळी कडेचीच का?"

वाचणाऱ्याला आता सांगायला पाहिजे. बागेच्या कडेच्या ओळीला पाणी शेवटी पोचतं, रस्त्याची धूळ बसते, येणारे-जाणारे फळं तोडतात. कडेचं झाड कायम हलकं असतं, त्यावरून अंदाज काढला की बाग स्वस्तात पडते. मालकाला बरोबर घेऊन मी नेहमी बांधानंच चालायचो आणि तिथलीच झाडं फळ न् फळ मोजायचो. मोजणी अगदी खरी असायची. झाडं तेवढी मी निवडलेली असायची. मालक स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, तो शंका कशाची घेणार? मी उक्त्या बागा घ्यायला लागल्यापासून, म्हणजे सबंध बागेचा एकदाच भाव ठरवून घ्यायला लागल्यापासून, हे मला एकानंही विचारलं नव्हतं. ते नववीतल्या पोरीनं विचारलं. आज हे मी माझ्या हातानं छापायला देतोय. धंद्यातले लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

मी म्हणालो, "कडेची जवळ पडतात म्हणून." दोन-चार पोरं हसली. मी तुझ्याकडं बघितलं. मला वाटलं तू उठशील, म्हणशील चला, मामांना उशीर होतोय. तू मागच्या बाकावरून म्हणालीस, "वर्गाला काय वाटतं?"

आणि वर्गाला काय वाटायचं ते वाटलं. तू चारशे चिठ्ठ्या करायला लावल्यास, डोळे मिटून चार काढायला लावल्यास आणि पुढची पस्तीस मिनिटं, सरकारची, तू निवड कशी करायची ते शिकवलंस. मी खडू हातात घेऊन खुर्चीवर बसून होतो. धडा फार चांगला झाला. हे म्हणायला माझी जीभ तीन वर्षं वळली नाही.

पण तेवढ्यावर ते थांबलं नाही. मुक्ताच्या बापाची चारशे झाडं होती, आणि त्याच बागेचा सौदा मी त्या आठवड्यात जवळजवळ पक्का केला होता. रविवारी त्या पोरीनं चिठ्ठ्या टाकून दहा झाडं काढली आणि मैत्रिणींना घेऊन मोजली. सोमवारी बापानं मला निरोप धाडला, सौदा मोडला म्हणून. मग गोष्ट पसरली. मी ज्या बागेत जाईन तिथला मालक मिशीत हसून विचारायचा, "शेठ, कडेनं चालायचं का मधून?" वडीगोद्रीच्या चहाच्या टपरीवर लोक मला बघून बाकाच्या कडेला सरकून बसायचे आणि म्हणायचे, "या, ही जागा तुमचीच." मी कुणाची गचांडी धरली नाही असं नाही. एकाची धरली.

मी तडक तुझ्या घरी आलो. तू जेवायला वाढलंस. मी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "आक्का, मला वर्गात कशाला बोलावलं होतंस?"

"तुझं गणित चांगलं म्हणून."

"का पोरांसमोर उघडं पाडायला?"

"मी कुठं पाडलं? खडू तुझ्या हातात व्हता."

दाजी म्हणाले, "अगं, जेवू दे त्याला." मी म्हणालो, "दाजी, तुम्ही मधी पडू नका. आक्का, खरं सांग. ती बाग मुक्ताच्या बापाची आहे आणि मी ती बघून आलोय, हे तुला माहीत होतं का न्हाई?"

"न्हाई."

एवढ्यावर तू थांबली असतीस तर मी जेवलो असतो. कुरकुर केली असती, पण जेवलो असतो. तू थांबली नाहीस. तू म्हणालीस, "पण माहीत असतं तरी मी तुझा हात धरला नसता."

"म्हणजे भावापेक्षा ती पोरगी मोठी?"

"दिगू, ती पोरगी आठवीपासून माझ्या वर्गात आहे. त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. तिला काय म्हणू, गप बस, माझा भाऊ आहे?"

मी भरल्या ताटावरून उठलो. दारात म्हणालो, "चुकलं म्हण, एवढंच म्हण, मी परत बसतो." तू पोळीचा तुकडा हातात धरून उभी होतीस. तू म्हणालीस, "काय चुकलं ते सांग, मंग म्हणते." मी निघून आलो. माझ्या वाटची शाळा तू शिकलीस आणि त्याच शाळेत मला उभा करून पोरांच्या हातात दिलंस, हे मी त्या दिवशी बोलणार होतो. ते बोललो नाही. बोललो असतो तर तू काय म्हणाली असतीस, हे मी गाडी चालवताना अजून रोज ठरवतो आणि रोज वेगळं ठरतं.

तीन भाऊबीजा मी आलो नाही. पहिल्या वर्षी तू डबा पाठवलास, मी परत पाठवला. दुसऱ्या वर्षी डबा आला नाही, तर त्याचाही राग आला. तुझ्या किडन्या गेल्याचं मला दाजींनी कळवलं. म्हणाले, आठवड्यातून तीन वेळा तिला जालन्याला न्यावं लागतं, डायलिसिसच्या दिवशी ती गळून जाते, तुम्ही येऊन जा. मी म्हणालो, "तिला म्हणा, तिनं बोलवावं." आक्का, मी हे दगडासारखं बसून म्हणालो. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो, हे मी रोज बघतो. मालकानं आकडा सांगेपर्यंत मी झाडाखाली अर्धा अर्धा तास गप्प उभा राहिलोय. मला वाटलं, तू बोलशील. तू आजारी आहेस, तू लवकर बोलशील. एवढं नीच गणित मी मांडलं होतं.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडीगोद्रीलाच होतो. पिंपळगावला यायला पाऊण तास लागतो. तीन वर्षं लागावीत एवढा तो रस्ता लांब नव्हता.

दहाव्याला मुक्ता आली होती. यंदा बारावीला आहे. मला बघून दबकली. मीच तिला हाक मारली. का मारली ते मला ठाऊक नाही, बहुतेक भांडायलाच. ती म्हणाली, "मामा, तुम्ही माझ्यावर रागावलात ना?" मी म्हणालो, तू बरोबरच विचारलं होतंस. ती रडायला लागली. मग म्हणाली, "माझी धाकटी बहीण गेल्या वर्षी नववीत होती. बाईंनी तो धडा बागेनंच सुरू केला. फळ्यावर चारशे झाडं काढली. पण तुमचं नाव नाही घेतलं. बाई म्हणाल्या, समजा मी व्यापारी आहे. आणि कडेच्या झाडांना स्वतःच गोल केले. पोरींनी पकडलं तर म्हणाल्या, हो, मी लबाडी केली, सांगा कशी केली." मुक्ताची बहीण घरी येऊन सांगत होती, बाई लबाडी करताना किती हसत होत्या.

हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. मला वाटलं, वर्गासमोर तू माझी लबाडी अंगावर घेऊ शकत होतीस, मग माझ्यासमोर दोन शब्द का जड गेले? आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, मला तरी कुठं जमले. हा वाद मी कुणाशी घालू? दाजींना विचारतो तर ते डोळे पुसतात.

आता त्या फोनचं सांगतो. तू जाण्याआधी दहा-बारा दिवस, दुपारी तुझा फोन आला होता. तीन वर्षांनी तुझं नाव फोनवर उमटलं. मी चार वेळा वाजू दिला, मग घेतला. तुझा आवाज पातळ झाला होता.

"दिगू, यंदा मृगाचा बहार कसा आहे रे?"

"बरा आहे."

"फळ बारीक राह्यलं म्हणतात."

"हो."

तू थांबलीस. मीही थांबलो. तुझा श्वास ऐकू येत होता. मी मनात म्हणालो, आता बोल, मुद्द्याचं बोल. तू म्हणालीस, "तुमच्याकडं पाणी आहे का अजून?" मी म्हणालो, "आहे. ठेवू का?" तू म्हणालीस, "बरं." मी फोन ठेवला आणि मला वाटलं, मी एक पायरी वर चढलो. आधी फोन तिनं केला. पुढच्या वेळी ती मुद्द्यावर येईल.

मुख्याध्यापकांनी तुझ्या पहिल्या पाच मिनिटांचं लिहा म्हटलं, आणि गेले तीन दिवस मी एकेक सुरुवात आठवत बसलोय. काड्यापेट्या, चुकलेली बेरीज, गवंड्याची दोरी. सगळ्या लिहून काढल्या आणि काल एकदम हात थांबला. तू आयुष्यात एकही धडा धड्यापासून सुरू केला नव्हतास. समोरच्याला येईल तेच तू आधी विचारायचीस. मला काय येतं? मोसंबी येते. तू मला मोसंबीचं विचारलंस. मी तोंड उघडावं म्हणून विचारलंस. नंतर काय येणार होतं, आक्का? तू चुकलं म्हणणार होतीस, का मला म्हणायला लावणार होतीस, का नुसतं ये म्हणणार होतीस? पेटी न उघडता आत काय हे पोरांना तरी कळायचं, कारण तू त्यांना बाहेरचं पुरतं दिलेलं असायचंस. मी तुला दोन मिनिटंसुद्धा पुरती दिली नाहीत.

आज सकाळी मी पिंपळगावला गेलो आणि दाजींना विचारलं, त्या दिवशी माझ्याशी बोलून झाल्यावर आक्का काही म्हणाली का? दाजी ओसरीत खाली बघत बसले होते. म्हणाले, "फोन बराच वेळ हातातच धरून बसली होती. मी इचारलं, काय म्हणला दिगू? तर म्हणली, त्याला घाई होती वाटतं. तोडीचे दिवस हायेत. त्याच्याकडं गर्दी असंल."

मला घाई नव्हती, आक्का. तोड सुरू व्हायला आठवडा होता. शेडमध्ये एक माणूस नव्हता, एक गाडी लागलेली नव्हती. मी खुर्चीवर बसून रस्त्याकडं बघत होतो, आणि तुझा फोन ठेवल्यावरही संध्याकाळपर्यंत तसाच बसून होतो.